अमुकाच्या जागी

शाळेत असताना ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटे. सगळे वाक्य परीक्षकाने लिहून ठेवलेले. आपण एक शब्द टाकावयाचा आणि एक गुण पदरात पाडून घ्यावयाचा. पुढे सारा जन्म याच धंद्यात जाईल, आणि तोही जागा भरण्यात नव्हे तर गाळण्यात, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझे दुकान सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या फाटकासमोर आहे. मिनिटाला तीस शब्दांची मराठी टंकलेखनाची परीक्षा पास होऊन मी १९७८ साली तेथल्या कडुलिंबाखाली एक टेबल मांडले. टेबलावर जुने घेतलेले टंकलेखन यंत्र, शेजारी कार्बन कागदांचा डबा आणि समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, एवढाच संसार. २००१ साली गाळा घेतला आणि त्यात संगणक आणला. कडुलिंब अजून आहे, यंत्र माळ्यावर आहे, आणि गिऱ्हाईक पूर्वीचेच आहे. कुणाला वारसाचे प्रतिज्ञापत्र हवे असते, कुणाला भाडेकरार, कुणाला संमतिपत्र. मजकूर नव्वद टक्के तोच. बदलते ते नाव, गाव, तारीख आणि दुःख.

तेव्हा या लेखाचा विषय आहे रिकामी जागा. संगणकावर, म्हणजे त्यातल्या ‘वर्ड’सारख्या लेखनाच्या सोयीत, भरावयाच्या अर्जाचा साचा कसा करावा, हे मला सांगावयाचे आहे. विषय रुक्ष आहे हे मला ठाऊक आहे. फराळाचे ताट शेजारी घेऊन कोणी असले वाचील का, अशी शंकाही मनात आली. पण या रिकाम्या जागेने माझ्या हातून एका बाईचा एक हंगाम घालवला आहे. ते ऐकल्यावर वाचक हा विषय रुक्ष म्हणणार नाहीत, अशी आशा आहे.

अमुक आणि सातबारा

रिकामी जागा ही काही संगणकाने काढलेली टूम नव्हे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ साली ‘लेखपद्धति’ नावाचा एक संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध झाला. मध्ययुगीन गुजरातेत लिहिल्या जाणाऱ्या दस्तांचे नमुने त्यात आहेत. दस्त कसा लिहावा हे शिकणाऱ्या कारकुनाने तो समोर ठेवावा आणि नावाच्या जागी जेथे ‘अमुक’ असेल तेथे खरे नाव घालावे, अशी ती योजना. आपण बोलताना ‘अमुक तमुक’ म्हणतो ते काही उगीच नाही. अमुक ही शब्दांतली रिकामी जागाच आहे.

आपल्या महाराष्ट्रात तर नमुन्याचा आकडाच भाषेत जाऊन बसला. तलाठ्याच्या दप्तरात एकवीस गाव नमुने असतात. त्यांतला सातवा जमिनीच्या हक्कांचा आणि बारावा पिकांचा. दोन्हींचा मिळून एक उतारा निघतो, तो सातबारा. ‘माझ्या नावाचा सातबारा आहे’ म्हणताना शेतकऱ्याची छाती फुगते, ती दोन छापील कोष्टकांच्या जोरावर. कोष्टकातल्या रकान्यात आपले नाव असणे म्हणजे काय, हे ज्याचे नाव नसते त्याला विचारावे.

यंत्रावर आणि पडद्यावर

टंकलेखन यंत्रावर रिकामी जागा करणे सोपे होते. पूर्णविरामाची कळ पंचवीस वेळा दाबली की टिंबांची ओळ तयार होई. मागाहून नाव घालावयाचे झाले तर कागद पुन्हा रुळावर चढवावा, ओळ जुळवावी आणि टिंबांच्या डोक्यावरच अक्षरे उमटवावी. टिंबे आपली जागा सोडीत नसत. शंभर प्रती हव्या असल्या तर सायक्लोस्टाइल. फीत बाजूला सारून मेणकागदावर नुसत्या खिळ्यांनी अक्षरे कापावयाची. चुकले तर तांबडा द्रव लावून, तो वाळेपर्यंत फुंकर घालीत बसावयाचे आणि पुन्हा कापावयाचे. कटकट खरी, पण एक गोष्ट पक्की होती. कोरे ठेवले ते कोरेच राही. मागच्या गिऱ्हाइकाचे नाव पुढच्याच्या कागदावर उमटण्याची सोयच नव्हती.

संगणकाने हे सारे उलटे केले. तेथे टिंब हेही अक्षर आणि मोकळी जागा हेही अक्षर. टिंबांच्या ओळीत नाव लिहू लागावे तर टिंबे पुढे सरकतात, ओळीबाहेर जातात, खालची ओळ ढकलतात, आणि पानाच्या तळाशी असलेली ‘सही / अंगठा’ ही जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन पडते. ही गंमत ज्यांनी अनुभवली नाही असा कारकून विरळा.

मग आम्ही सगळे करतो तेच मीही करू लागलो. टिंबांचा नाद सोडला. मागच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडावयाची, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवे नाव द्यावयाचे आणि आतली नावे बदलावयाची. नावे पुष्कळ असली तर ‘फाइंड अँड रिप्लेस’. जुने नाव सांगा, नवे नाव सांगा, एक कळ दाबा, सगळीकडे बदल. दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांत. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

एका ओळीची चूक

२०१२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. जवळच्या खेड्यातली एक बाई आली. नवरा वारला होता. त्याच्या खात्यावर थोडे पैसे होते, पण वारस म्हणून कुणाचे नाव लावलेले नव्हते. बँकेने प्रतिज्ञापत्र आणावयास सांगितले होते. बाईला अक्षरओळख नव्हती. मी आदल्या आठवड्यातले तसलेच प्रतिज्ञापत्र उघडले. त्यातल्या मयताचे नाव येथे सांगत नाही, अमुकराव म्हणू. त्यांचे संपूर्ण नाव शोधावयास सांगितले, त्या जागी बाईच्या नवऱ्याचे नाव घालावयास सांगितले. ‘सहा ठिकाणी बदल केले’ असे संगणकाने नम्रपणे कळवले. शंभराच्या मुद्रांक कागदावर छापून मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिने अंगठा उठवला.

चार दिवसांनी ती परत आली. कागद बँकेने परत दिला होता. तेथल्या कारकुनाने तो तिला मोठ्याने वाचून दाखवला होता. ती भांडली नाही. स्टुलावर बसली, कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “दादा, माझ्या मालकांच्या जागी ह्यो कोन बशीवलासा?”

पाचव्या कलमात लिहिले होते : ‘अमुकरावांच्या पश्चात मीच त्यांची पत्नी असून...’

चूक कशी झाली ते माझ्या तत्काळ ध्यानात आले. मी शोधावयास सांगितले होते संपूर्ण नाव. पाचव्या कलमात नुसतेच पहिले नाव होते, तेही विभक्तीचा प्रत्यय लागून. संगणकाला अमुकराव आणि अमुकरावांच्या यांचे नाते काय ठाऊक? त्याने आपले सहा बदल चोख केले. सातव्या जागेची जबाबदारी माझी होती, आणि मी ती वाचलीच नव्हती.

मी नवा मुद्रांक माझ्या पैशाने आणला, कागद फुकट करून दिला. पण बँकेतला अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. रोहिणी गेली, मृग गेला. पैसे हातात आले तेव्हा आर्द्रा अर्ध्याहून अधिक सरल्या होत्या. बियाणे तिने दुकानदाराकडून उधारीवर उचलले आणि उशिरा पेरले. हे तिने मला सांगितले नाही. तिच्या गावच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाने सांगितले. माझी एक ओळ चुकली होती, तिचा हंगाम चुकला.

भाचीची शिकवणी

त्या दिवाळीला माझी भाची पुण्याहून आली होती. संगणकाच्या शिक्षणात तिची दोन वर्षे झाली होती. मी तिला हे सारे सांगितले. तिने माझ्या फाइली पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

“मामा, तुम्ही साचा वापरतच नाही. तुम्ही जुनी करंजी उकलून तिच्यात नवं सारण भरता. मग जुनं थोडं राहणारच की!”

तिची आई तेव्हा स्वयंपाकघरात साच्यातून करंज्याच काढीत होती. उपमा मला जागच्या जागी पटली.

मग तिने मला जे शिकवले ते वाचकांसाठी क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट, साचा आणि कागद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मजकूर तयार झाला की तो साधी फाइल म्हणून नव्हे, ‘टेम्प्लेट’ म्हणून साठवावा. मग त्यावर दोनदा टिचकी मारली की साचा स्वतः उघडत नाही; त्याच्यावरून काढलेला, अजून नाव नसलेला नवा कागद उघडतो. साच्याला हात लागत नाही.

दुसरी गोष्ट, रिकाम्या जागेसाठी टिंबे देऊ नयेत. वर्डमध्ये ‘डेव्हलपर’ नावाचा एक टॅब असतो. तो प्रथम दिसत नाही. ‘फाइल’मधील ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन, ‘कस्टमाइझ रिबन’ उघडून त्याच्यापुढे खूण करावी लागते. त्या टॅबमध्ये ‘कंटेंट कंट्रोल’ नावाच्या चौकटी मिळतात. ही सोय २००७ च्या वर्डपासून आली. एक चौकट साध्या मजकुरासाठी, एक तारखेसाठी, एक यादीतून निवडण्यासाठी. नाते विचारावयाचे असेल तर पत्नी, मुलगा, मुलगी, आई अशी यादी आधीच देऊन ठेवावी. भरणाऱ्याने टिचकी मारून निवडावे. शुद्धलेखनाचा प्रश्नच मिटला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. प्रत्येक चौकटीत एक फिकट सूचना असते. ‘डिझाइन मोड’ चालू करून ती आपल्या शब्दांत लिहिता येते. मी लिहिले : ‘मयताचे संपूर्ण नाव, मृत्यूच्या दाखल्यावर आहे तसेच’. जागा भरली की सूचना नाहीशी होते. भरावयाची राहिली तर ती तशीच कागदावर छापून येते. मी म्हणालो, “हे बरे दिसत नाही.” भाची म्हणाली, “दिसायलाच नको आहे बरं, मामा. राहिलेली जागा ओरडली पाहिजे.”

मी हे वाक्य एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाच्या वर लावले आहे. अमुकरावांचे नाव पाचव्या कलमात मुकाट बसले होते. ते सुबक होते, व्याकरणशुद्ध होते, म्हणूनच घातक होते. त्याच्या जागी ‘मयताचे संपूर्ण नाव’ असे ओबडधोबड शब्द छापून आले असते, तर कागद माझ्या टेबलावरून हललाच नसता.

चौथी गोष्ट, एकच नाव सात ठिकाणी असेल तर ते सात वेळा लिहू नये. ‘इन्सर्ट’मधल्या ‘क्विक पार्ट्स’मध्ये ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टी’ म्हणून एक यादी आहे. तिच्यातली ‘सब्जेक्ट’सारखी एक चौकट घ्यावी आणि तिचीच नक्कल सातही जागी चिकटवावी. एकीत नाव लिहिले की बाकीच्या सहा आपोआप भरतात.

पाचवी आणि शेवटची गोष्ट म्हणजे कुलूप. ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’मध्ये ‘फिलिंग इन फॉर्म्स’ निवडून संरक्षण चालू केले की चौकटींखेरीज कोठेही अक्षर उमटत नाही. कायद्याचा मजकूर चुकून खोडला जाण्याची भीती गेली. परवलीचा शब्द मात्र वहीत टिपून ठेवावा. मी पहिल्याच साच्याचा विसरलो आणि तो साचा पुन्हा पहिल्यापासून बांधला.

ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांनी खट्टू होऊ नये. ‘लिबर ऑफिस रायटर’ फुकट मिळतो. साचा आणि भरावयाच्या जागा यांची सोय त्यातही आहे. नावे थोडी निराळी, विचार तोच.

मराठीची मेख

येथवर भाचीची विद्या झाली. पुढची माझी स्वतःची, पदरच्या चुकांनी मिळवलेली.

आपली मराठी रिकाम्या जागेला फार नाठाळ आहे. नाव चौकटीत एका रूपात येते आणि वाक्यात दुसऱ्या रूपात लागते. महादेव असला तर महादेवाचा, सीता असली तर सीतेचा. चौकटीला हे कसे कळावे? म्हणून चौकटीपुढे ‘यांचे’, ‘यांनी’, ‘यांना’ असे शब्द ठेवावे. ‘श्री. अमुक यांचे निधन’ ही कचेरीतली भाषा आपण कृत्रिम म्हणून हसण्यावारी नेतो. पण नावाचे रूप न बदलता वाक्य पुरे करण्याची ती जुनी युक्ती आहे. आमच्या आधीच्या अर्जनविसांना ती ठाऊक होती.

दुसरी अडचण लिंगाची. ‘मी प्रतिज्ञेवर सांगतो की’ असे छापून ठेवले की प्रत्येक बाई कागदावर पुरुष होते. पुष्कळ ठिकाणी ‘सांगतो/सांगते’ छापून एक शब्द खोडावयास सांगतात, आणि कोणीच खोडीत नाही. मी आता ‘मी प्रतिज्ञेवर कथन करीत आहे की’ असे लिहितो. ‘करीत आहे’ या रूपाला स्त्री-पुरुष सारखेच. रिकामी जागा वाढवण्यापेक्षा ती लागूच नये असे वाक्य करणे केव्हाही चांगले.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या वळणाची. जुने मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी वळणे बसवून केलेले असत. त्यांत केलेला साचा तो फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर नेला की ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून आहेत. साचा दुसऱ्याकडे जावयाचा असेल तर तो युनिकोडमध्येच करावा.

आणि जो अर्ज छापून हाताने भरावयाचा, त्याची तऱ्हा वेगळी. तेथे कोष्टक आखावे, कडांच्या रेघा पुसाव्या आणि ज्या घरात लिहावयाचे त्याची फक्त खालची रेघ ठेवावी. दोन ओळींत निदान एक सेंटिमीटर अंतर सोडावे. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी आणि पायाशी उकार लागतो. इंग्रजी अर्जाच्या मापाने आखलेल्या ओळीत खेड्यातला माणूस ‘श्रीकृष्ण’ लिहू लागला की वरच्या ओळीत घुसतो आणि त्यालाच वाटते, आपले अक्षर वाईट. अक्षर वाईट नसते. जागा कंजूष असते. अंगठ्याची जागाही चौकोनी आणि ऐसपैस असावी.

साचा तयार झाला की मी तो दोनदा भरून पाहतो. एकदा ऐकलेले सर्वांत लांब नाव घालून आणि एकदा काहीच न भरता. पहिल्याने जागा पुरते की नाही ते कळते, दुसऱ्याने कोणती जागा ओरडत नाही ते कळते. मग तो शेजारच्या चहावाल्याला भरावयास देतो. तो जेथे मान वर करून ‘इथं काय लिहू?’ म्हणतो, तेथे माझी सूचना चुकलेली असते.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांत नावामध्ये आईचेही नाव घालण्याचा निर्णय केला. पूर्वी असता तर शंभर फाइली उकलाव्या लागल्या असत्या. या वेळी मी नावाची जागा असलेले मोजके साचे उघडले, वडिलांच्या आधी एक चौकट वाढवली आणि चहाला गेलो. इतकी वर्षे अर्जात आईला जागा नव्हती, आणि त्या जागा न ठेवणाऱ्यांत मीही एक होतो, हे मात्र चहा पिताना आठवले.

वाचून दाखवा

ती बाई २०१८ साली पुन्हा आली. विजेचे मीटर अजून नवऱ्याच्या नावावर होते, ते बदलावयाचे होते. मला वाटले होते ती दुसऱ्या दुकानात जाईल. पण ती त्याच स्टुलावर येऊन बसली. मी साचा उघडला, नावे विचारली, चौकटी भरल्या, कागद छापला. शाईचा डबा मी पुढे सरकवणार, तोच ती म्हणाली, “आधी वाचून दाखवा, दादा.”

मी वाचले. अर्जदाराच्या जागी तिचे नाव आले, मयताच्या जागी तिच्या नवऱ्याचे, तीन ठिकाणी. प्रत्येक वेळी ते आले की ती हळूच मान हलवी. शेवटपर्यंत ऐकून घेतल्यावर तिने अंगठा शाईत बुडवला.

त्या दिवसापासून माझ्या दुकानातून कोणताही कागद वाचून दाखवल्याशिवाय जात नाही, मग गिऱ्हाईक पदवीधर असो की अंगठेबहाद्दर. साचा चांगला, कुलूपही चांगले. पण रिकाम्या जागेत शेवटी कोण बसले आहे, हे कुणीतरी मोठ्याने उच्चारून पाहावेच लागते.